६८ अंशांवर अडलेला खांदा: घरच्या पुल्ड पोर्कचा प्रकरण अभ्यास

डुकराच्या खांद्याचा हाडासकट ४.६ किलोचा तुकडा, झाकणाची गोल कोळशाची ग्रिल, आणि रात्री आठला चौदा जणांचं जेवण. माझ्या मावसभावाने एवढा मोठा तुकडा धुरावर पहिल्यांदाच लावला होता. दुपारी सव्वातीनला त्याचा फोन आला. मांसाचं आतलं तापमान दोन तास ६८ अंशांवर अडून होतं आणि आता ते ६७ वर उतरलं होतं. पुल्ड पोर्क, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून धाग्याधाग्याने सुटं केलेलं डुकराचं मांस, करताना लोक जिथे सगळ्यात जास्त घाबरतात ती जागा हीच, म्हणून या दिवसाची नोंद सविस्तर मांडतो आहे. त्याने वेळा आणि तापमान वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही नसती तर कारण सापडलंच नसतं. (या लेखातले सगळे अंश सेल्सियसमध्ये आहेत.)

आधी तयारी. ती चांगली होती. तुकडा खांद्याच्या वरच्या भागातला होता, ज्यात फऱ्याचं चपटं हाड असतं आणि स्नायूंच्या मधून चरबी व पांढरे चिवट पडदे गेलेले असतात. पुल्ड पोर्कसाठी हाच भाग योग्य. कमरेच्या बाजूचं कमी चरबीचं मांस इतका वेळ शिजवलं तर त्याचा नुसता कोरडा भुसा होतो. आदल्या रात्री त्याने ५० ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या एक टक्क्याहून किंचित जास्त, सगळीकडून चोळून तुकडा उघडाच फ्रीजमध्ये ठेवला होता. मीठ रात्रभरात थोडं आत जातं. मिरी, पाप्रिका, लसूण पावडर, ब्राऊन शुगर हे बाकीचं सगळं वरच्या थरातच राहतं, त्यामुळे ते सकाळी लावलं तरी चालतं, आणि त्याने तसंच केलं.

ब्रिकेट कोळसा (कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्या) ग्रिलच्या कडेने अर्धवर्तुळात रचला होता: खाली दोन ओळी, वर एक, आणि पहिल्या अर्ध्या भागावर सफरचंदाच्या लाकडाचे मुठीएवढे ठोकळे. एका टोकाला पेटते निखारे ठेवले की अशी रांग तासन्‌तास हळूहळू सरकत जळते. ठोकळे भिजवले नव्हते, हेही बरोबर. ओलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि पाणी उडून गेल्यावरच त्याचा धूर कामाचा होतो. पांढरा दाट धूर विरळ होऊन निळसर होईपर्यंत तो थांबला आणि मगच मांस जाळीवर ठेवलं. इथे घाई झाली की मांसाला कडवट काजळीची चव येते आणि ती नंतर कुठल्याही सॉसने झाकली जात नाही.

वहीतली नोंद अशी:

सकाळी ६:०० – मांस जाळीवर, आतून ५ अंश.
९:०० – ३८.
११:०० – ५८. दर अर्ध्या तासाने सफरचंदाचा रस आणि व्हिनेगर शिंपडायला सुरुवात.
१२:३० – ६६.
१:१५ – ६८.
२:१५ – ६८.
३:१० – ६७.

या सगळ्या वेळात झाकणावरचा थर्मामीटर १२० ते १२५ दाखवत होता.

वेळेचं गणित त्याने प्रचलित पद्धतीने केलं होतं: किलोला अडीच तास. म्हणजे साडेअकरा तास, म्हणजे साडेपाचला मांस तयार, मग दीड तास विश्रांती (मांस विस्तवावरून काढून गुंडाळून नुसतं ठेवायचं), मग तुकडे सुटे करायला आणि वाढायला भरपूर वेळ. कागदावर यात काहीच खोट दिसत नाही. खोट आहे ती ‘किलोला इतके तास’ या मोजमापातच. उष्णता मांसाच्या आत शिरते ती जाडीतून. नुसत्या वहनाचा विचार केला तर जाडी दुप्पट झाल्यावर वेळ चौपट लागतो. वजन सारखंच, पण एक तुकडा पसरट आणि दुसरा गोल असेल तर दोघांच्या वेळेत तासांचा फरक पडतो. अडीच किलोचे दोन तुकडे शेजारी ठेवले तर ते पाच किलोच्या एका तुकड्याएवढा वेळ घेत नाहीत. शिवाय या गणितात तापमान मध्येच अडून राहतं त्याचा हिशोब कुठेच नाही.

ते का अडतं? पूर्वी समजूत अशी होती की कोलॅजन (ते पांढरे चिवट पडदे ज्याचे बनतात ते प्रथिन) विरघळायला किंवा चरबी वितळायला उष्णता खर्च होते म्हणून तापमान थांबतं. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज आणि चरबीचा गोळा असं दोन्ही तापवून पाहिलं. स्पंजाचं तापमान मांसासारखंच अडलं, चरबीचं सरळ चढत गेलं. स्पंजात ना कोलॅजन ना चरबी, फक्त पाणी. म्हणजे अडवणारी गोष्ट बाष्पीभवन. आपल्याला घाम आल्यावर जसं अंग गार पडतं तसंच मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. विस्तवाकडून येणारी उष्णता आणि वाफेबरोबर जाणारी उष्णता सारखी झाली की काटा थांबतो. बहुधा ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान.

हे प्रमाण किती मोठं आहे ते याच तुकड्यावर पाहता येतं. नंतर फॉइलमध्ये गुंडाळताना त्याने वजन केलं: ३.८ किलो. म्हणजे ८०० ग्रॅम गेले. त्यातली काही चरबी आणि रस ठिबकून गेला असेल, म्हणून ६०० ग्रॅमच पाणी वाफ झालं असं धरू. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २,३०० किलोज्यूल लागतात, तेव्हा ६०० ग्रॅमला जवळजवळ १,४००. आता ४.६ किलो मांस ५ वरून ६८ अंशांवर न्यायला किती लागले? मांसाची विशिष्ट उष्णता किलोमागे, अंशामागे ३.३ किलोज्यूलच्या आसपास धरली तर साडेनऊशे. म्हणजे मांस तापवायला जेवढी उष्णता लागली त्याच्या जवळपास दीडपट नुसती वाफ करण्यात गेली. हे आकडे ढोबळ आहेत, पण तासभर हलत नसलेल्या काट्याचा अर्थ त्यातून नीट कळतो.

मात्र एवढ्यावर थांबलो असतो तर उत्तर अर्धवट राहिलं असतं. नेहमीचा सल्ला असा की तापमान अडलं तर धीर धरा, ते आपोआप चढेल. मला त्या नोंदीत दोन गोष्टी खटकल्या. एक, काटा थांबून पुन्हा खाली आला होता. अडलेल्या अवस्थेत एखादा अंश खाली येऊ शकतो, तेव्हा नुसत्या यावरून काही सिद्ध होत नाही. दुसरी, सव्वानऊ तास झाले तरी झाकणावरचा आकडा इतका स्थिर कसा?

“दादा, कोळसा वाढवू का?” त्याने विचारलं.

“आधी दुसरा थर्मामीटर जाळीवर ठेव, मांसाच्या शेजारी, पण मांसाला टेकू देऊ नकोस. झाकण लाव आणि दहा मिनिटांनी सांग.”

दहा मिनिटांनी आकडा आला: ९६.

झाकणावर १२० आणि मांसाच्या शेजारी ९६. याचं कारण झाकणाच्या दिशेत होतं. वरची झडप मांसाच्या वर यावी, म्हणजे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडेल, म्हणून त्याने झाकण तसं फिरवलं होतं. ते योग्यच. पण त्या ग्रिलवर थर्मामीटर झडपेच्या बरोबर समोरच्या बाजूला होता, त्यामुळे तो थेट निखाऱ्यांच्या वर आला. दिवसभर तो विस्तवावरच्या गरम हवेचं तापमान सांगत होता. मांसाभोवती काय चाललंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. माझं ठाम मत आहे की मोठा तुकडा धुरावर लावायचा तर जाळीच्या पातळीवरचा थर्मामीटर हा पहिला खर्च. लाकूड कुठलं, मसाला कुठला, सॉस कुठला, हे सगळं त्यानंतर. (आणि तो थर्मामीटर विश्वासाचा आहे का, हे बर्फ घातलेल्या पाण्यात तपासावं. तिथे शून्य दाखवला पाहिजे.)

जाळीवर इतकं कमी तापमान का? खालच्या झडपा पाहायला सांगितल्या तर त्यांच्यावर राखेचा थर. नऊ तासांची राख खाली साचून हवेची वाट अर्धी बुजली होती. निखारे होते, पण गुदमरलेले. त्यात दर अर्ध्या तासाने झाकण उघडणं. झाकण उघडलं की साठलेली गरम हवा एका झटक्यात निघून जाते आणि ग्रिलला पूर्ववत व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक अर्ध्या तासातला बराच भाग नुसता पुन्हा तापण्यात जात होता. वर शिंपडलेला रस. पृष्ठभाग जरा सुकायला लागला की त्यावर नवं पाणी, म्हणजे बाष्पीभवनाला नवं खाद्य. तापमान अडतं ते पाणी उडाल्याने, आणि इथे ते पाणी पुरवलं जात होतं.

शिंपडण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते जवळजवळ प्रत्येक कृतीत सांगितलेलं असतं. ओला, थंड पृष्ठभाग धूर चांगला धरतो हे खरं. म्हणूनच फ्रीजमधून थेट जाळीवर ठेवलेलं मांस सुरुवातीच्या तासांत सगळ्यात जास्त धूर घेतं. मांसाच्या कडेला दिसणारं गुलाबी वलयही त्याच काळात तयार होतं: धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) धरतात आणि तो गुलाबी रंग पक्का होतो. थर तापून मायोग्लोबिनचं रूप बदललं की वलय वाढायचं थांबतं. तेव्हा पाचव्या तासानंतर शिंपडून वलय मोठं होत नाही, आणि त्या वलयाला स्वतःची चवही नसते. कुठे कडा करपायला लागली असेल तर तेवढ्या जागी शिंपडावं. मांस आतून रसाळ राहावं म्हणून शिंपडण्यात काही तथ्य नाही, कारण वरचा रस आत जात नाही.

सव्वातीननंतरच्या परिस्थितीत तीन वाटा होत्या. राख झाडून, नवे पेटते निखारे घालून, मांस उघडंच ठेवून वाट पाहायची. किंवा मांस फॉइलमध्ये गुंडाळून ग्रिलवरच ठेवायचं. किंवा गुंडाळून घरातल्या ओव्हनमध्ये. पहिली वाट कवचासाठी सर्वात चांगली. तिने बाहेरचा काळपट कुरकुरीत थर आणखी पक्का झाला असता. पण तिला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. दुसरीला विस्तव पुन्हा जागेवर आणण्यात तास गेला असता. मी ओव्हन सुचवला.

त्याला ते पटेना. दिवसभर विस्तवाशी राबल्यावर शेवट ओव्हनमध्ये करणं त्याला फसवणूक वाटत होती. पण फॉइलच्या आत धूर शिरत नाही, मग बाहेर कोळसा जळतोय की विजेची कॉइल तापतेय याने मांसाला काही फरक पडत नाही. धुराचं काम पहिल्या काही तासांत झालेलं होतं. गुंडाळण्यापूर्वी फक्त एक गोष्ट बघायला सांगितली: कवच नखाने हलकं खरवडून पाहा, मसाला निघून येतो का? नाही आला. म्हणजे गुंडाळायला हरकत नव्हती.

साडेतीनला दुहेरी फॉइल घट्ट गुंडाळून तुकडा १५० अंशांच्या ओव्हनमध्ये गेला. वाफ बाहेर पडायची वाट बंद, त्यामुळे बाष्पीभवनाने गार होणंही बंद. साडेचारला ७६. साडेपाचला ८६. ज्या काट्याने दोन तास दाद दिली नव्हती तो आता तासाला दहा अंशांनी चढत होता.

सव्वासहाला ९३ झाले आणि त्याने काढायची तयारी केली. इथे दुसरा धोका होता. पुष्कळ जण ९३ हा आकडा आला की थांबतात. पण थर्मामीटर एका जागचं सांगतो. मी तीन-चार ठिकाणी टोचून पाहायला सांगितलं: हाडाजवळ पण हाडाला न लागता, सगळ्यात जाड भागात, आणि विस्तवापासून लांब असलेल्या बाजूला. हाडाजवळ ८८ निघाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे थर्मामीटरची सळई जाताना अडत होती. एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला रबरासारखं. तेव्हाच काढलं असतं तर हाडाजवळचा भाग चाकूने कापावा लागला असता.

अडत होती ती कोलॅजनमुळे. सबंध तुकड्याचं पोर्क ६३ अंशांवर आणून तीन मिनिटं ठेवलं की खायला सुरक्षित होतं, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं २०११ पासूनचं मार्गदर्शन आहे. पण ६३ अंशांचा खांदा चावता चावत नाही. स्नायूंचे धागे आवळून त्यांनी पाणी बाहेर टाकलेलं असतं आणि पांढरे पडदे तसेच असतात. ते पडदे विरघळून त्यांचं मऊ जिलेटिन होण्याची क्रिया ७० च्या पुढे वेग घेते आणि ९० च्या आसपास जोरात चालते. पण तिला तापमान जितकं लागतं तितकाच वेळही. म्हणून ९३ वर पोचून पाच मिनिटं झालेला तुकडा आणि ९० वर तासभर राहिलेला तुकडा, यांत दुसरा जास्त मऊ निघू शकतो. सळई सगळीकडून अडथळ्याशिवाय जाते का आणि हाड धरून हलवलं तर सैल फिरतं का, या दोन खुणा मला आकड्यापेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात.

आणखी चाळीस मिनिटं दिली. पाच कमी सातला आतून सगळीकडे ९५ च्या जवळपास, सळई अलगद, हाड सैल. फॉइल दहा मिनिटं उघडी ठेवली, म्हणजे शिजणं थांबेल, मग पुन्हा गुंडाळून, ऊब टिकावी म्हणून, टॉवेलांसकट रिकाम्या बर्फपेटीत. पावणेआठला मांस काढलं, हाड हाताने ओढून निघालं, आणि दोन काट्यांनी दहा मिनिटांत सगळं सुटं झालं.

फॉइलमध्ये साठलेला रस उभट भांड्यात ओतला, वर आलेली चरबी काढून टाकली आणि खालचा रस मांसात परत कालवला. ही पायरी कुणी वगळू नये. त्या रसात विरघळलेलं जिलेटिन आणि मसाला दोन्ही असतं. नंतर चव घेऊन मीठ घातलं, कारण रात्रीचं मीठ मध्यापर्यंत पोचलेलं नसतं. वर थोडं व्हिनेगर आणि लाल मिरची. इतक्या चरबीला आंबटपणा लागतोच.

हाड आणि न वितळलेली चरबी वगळून २.३ किलो खाण्याजोगं मांस मिळालं, म्हणजे कच्च्या वजनाच्या बरोबर निम्मं. माणशी १६० ग्रॅमच्या वर. पाहुणे मोजताना कच्च्या वजनाचं निम्मं धरावं, हा ठोकताळा इथेही बरोबर निघाला.

जेवण वेळेवर झालं आणि मांस मऊ होतं. पण दोन गोष्टी कमी पडल्या हेही नोंदवतो. फॉइलच्या वाफेने कवच भिजून मऊ झालं होतं. वेळ असता तर शेवटी उघडं करून पंधरा मिनिटं गरम ओव्हनमध्ये ठेवता आलं असतं. आणि विश्रांती कमी झाली. पाऊण तासात मांस ८५ च्या आसपासच होतं. सुटं करताना वाफेचे लोट निघत होते आणि ती वाफ म्हणजे मांसातलंच पाणी. ७० च्या जवळ आल्यावर सुटं केलं की ते पाणी आत राहतं आणि जिलेटिन रसाला दाट करतं.

सुरक्षिततेची शंका त्याच्या बायकोने काढली होती: सकाळी सहापासून अकरापर्यंत मांस आतून ६० च्या खाली होतं, मग ते चालतं का? प्रश्न रास्त आहे. ४ ते ६० अंश हा जिवाणू वाढण्याचा टप्पा. पण अखंड, न टोचलेल्या तुकड्यात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि पृष्ठभाग पुष्कळ आधी ६० पार करतो. म्हणूनच थर्मामीटरची सळई पहिले दोन-तीन तास आत खुपसू नये, पृष्ठभाग तापू द्यावा. सुईने आत मसाल्याचं पाणी भरलं असेल किंवा हाड काढून तुकडा बांधला असेल तर बाहेरचं आत गेलेलं असतं, आणि मग हा दिलासा उरत नाही. तेव्हा विस्तव पहिल्यापासूनच १२० च्या आसपास ठेवावा. उरलेलं मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांतून फ्रीजमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी ते ७४ अंशांपर्यंत गरम करून खाल्लं.

त्याला पुढच्या वेळी काय बदलायचं ते विचारायचं होतं. माझं उत्तर होतं: मोकळा वेळ शिजण्यात शोधू नकोस, विश्रांतीत ठेव. मांस कधी शिजेल हे तुकडा ठरवतो, पण शिजलेलं मांस किती वेळ गरम ठेवायचं हे आपल्या हातात असतं. गुंडाळलेला खांदा ६० च्या वर चार तास सहज चांगला राहतो, उलट सुधारतो. तेव्हा जेवण आठला असेल तर मांस चारला तयार होईल असं धरून पहाटे तीनला जाळीवर. दर तीन तासांनी राख झाडायचा दांडा फिरवून खालच्या झडपा मोकळ्या करायच्या. झाकण उघडायचं ते कोळसा घालायला आणि एकदा तुकडा फिरवायला. ६८ ते ७० वर कवच पक्कं दिसलं की गुंडाळायचं. दोन तास उशीर झाला तरी विश्रांतीचे दोन तास उरतात. अजिबात उशीर झाला नाही तर ओव्हन ७० ते ७५ अंशांवर लावून त्यात तुकडा ठेवायचा, आणि आपला ओव्हन खरोखर तेवढ्यावर राहतो का हे त्याच जाळीवरच्या थर्मामीटरने आदल्या दिवशी पाहून ठेवायचं.